दोघांचा एक कोयता : ऊसतोड स्त्रियांवरील माहितीपटाच्या प्रकल्प नोंदी

१२ सप्टेंबर २०२३, धारूर तालुका, जि. बीड

आज संपूर्ण गट पहिल्यांदा एकत्र बसला आणि माहितीपटाचा विषय नेमका कोणता, यावर सकाळपासून चर्चा झाली. ऊसतोडीच्या व्यवहारात नवरा-बायको मिळून एक कोयता धरला जातो. मुकादमाकडून, म्हणजे मजूर जमवणाऱ्या ठेकेदाराकडून, मिळणारी उचल (आगाऊ रक्कम) त्या एका कोयत्यावर मिळते आणि ती घेताना सही किंवा अंगठा बहुतेक ठिकाणी पुरुषाचाच असतो. फडात, म्हणजे तोडणी चालू असलेल्या उसाच्या शेतात, बाई जे काम करते ते या जोडीच्या नावावर निदान नोंदले तरी जाते. पण फडात जाण्याआधी आणि फडातून परतल्यावर ती जे काम करते त्याची नोंद कोणत्याच वहीत होत नाही. आमचा माहितीपट या नोंद न झालेल्या तासांचा असेल, असे ठरले.

बालाघाटच्या डोंगररांगांतला हा भाग कोरडवाहू आहे. कापूस, सोयाबीन, तूर आणि बाजरी ही पिके पावसाच्या भरवशावर येतात, आणि खरीप उरकला की घरातली कर्ती माणसे सांगली, कोल्हापूर, सातारा, सोलापूर, पुणे किंवा उत्तर कर्नाटक या पट्ट्यांत जातात. या स्थलांतरावर वृत्तवाहिन्यांनी केलेले बरेचसे चित्रीकरण आम्ही पाहिले. त्यात उसाचे हिरवे पट्टे आकाशातून दिसतात, ट्रॅक्टरच्या रांगा दिसतात आणि एखादी बाई डोक्यावर मोळी घेऊन क्षणभर समोरून जाते. त्यामुळे ड्रोन वापरायचा नाही, कॅमेरा बाईच्या खांद्याच्या उंचीवर ठेवायचा आणि ती जिथे थांबते तिथेच थांबायचे, हे नियम पहिल्याच दिवशी लिहून काढले.

५ ऑक्टोबर २०२३, धारूर तालुका

संमतीचे काम अपेक्षेपेक्षा अधिक वेळ घेत आहे आणि तो वेळ देणे योग्यच आहे. घरी गेल्यावर प्रथम सासरा किंवा नवरा बोलतो, ‘घ्या की शूटिंग’ म्हणून परवानगी देतो आणि बाई चहा ठेवायला आत जाते. ही परवानगी आम्ही संमती मानत नाही. आमची ध्वनिमुद्रण करणारी सहकारी चुलीपाशी बसून प्रत्येक स्त्रीशी स्वतंत्रपणे बोलते. चित्रीकरण कुठे दाखवले जाईल, कोण पाहील, नंतर नको वाटले तर काय करता येईल, हे साध्या भाषेत सांगते आणि उत्तर ध्वनिमुद्रित करते. कागदावरचा अंगठा आम्हाला कायद्यापुरता हवा आहे. खरी संमती तीन वेळा घ्यायची आहे : चित्रीकरणाआधी, हंगाम संपल्यावर आणि कच्चे संकलन दाखवल्यानंतर.

याला आधार आहे. १९८० मध्ये बेंगळुरूत सुरू झालेल्या ‘युगांतर’ या स्त्रियांच्या चित्रपट-गटाने निपाणीच्या तंबाखू कामगार स्त्रियांबरोबर काम केले, तेव्हा त्या स्त्रियांच्या संघटनेशी आणि रोजच्या बोलण्याशी बांधून घेऊनच चित्रपट उभा केला. मराठी बोलणाऱ्या कष्टकरी स्त्रियांबद्दलचे ते काम चार दशकांपूर्वीचे आहे. आपल्याकडे ही पद्धत रुजलेली आहे, तेव्हा ती नव्याने शोधण्याचा आव आणण्याचे कारण नाही.

एका मावशींनी आज उचलीचा हिशेब समजावून सांगितला. यंदा त्यांच्या कोयत्याला लाखाच्या आसपास उचल मिळाली आहे. त्यातली निम्मी मागच्या वर्षीच्या बाकीत आणि मुलीच्या लग्नाच्या देण्यात आधीच गेली. ‘पैसा हातात आला न्हाई ताई, नुसता ह्या वहीतून त्या वहीत गेला,’ असे त्या म्हणाल्या. ही वही चित्रपटात दिसली पाहिजे, मात्र तिच्यावरची नावे वाचता येणार नाहीत अशा अंतरावरून.

१ नोव्हेंबर २०२३

राज्य सरकारने काल ४० तालुक्यांत दुष्काळ जाहीर केला. त्यात बीड जिल्ह्यातील धारूर, वडवणी आणि अंबाजोगाई हे तीन तालुके आहेत. गाळप हंगाम अधिकृतपणे आज सुरू होत आहे. जी दोन-तीन कुटुंबे यंदा थांबायचा विचार करीत होती, त्यांनीही आता जायचे ठरवले आहे, कारण सोयाबीन हातचे गेले आणि रब्बीची आशा नाही. आम्ही निवडलेल्या टोळीबरोबर (एका मुकादमाच्या हाताखालच्या जोड्यांच्या गटाबरोबर) त्यामुळे आणखी काही नवखी जोडपी येतील.

१८ नोव्हेंबर २०२३, प्रवास

भाऊबीज झाली आणि टोळी निघाली. सामान भरण्याचे काम चित्रित करताना एक गोष्ट स्पष्ट दिसली. काय न्यायचे याची सगळी यादी बायकांच्या डोक्यात असते : सहा महिन्यांचे बाजरीचे पीठ नव्हे तर धान्य, कारण पीठ टिकत नाही, चटणी, तवा, कळशी, ताडपत्री, गोधड्या, दोन शेळ्या, कोंबड्या आणि मुलांची दप्तरे. पुरुष गाडीची दोरी आवळत होते. कोणते मूल बरोबर न्यायचे आणि कोणते आजीजवळ किंवा हंगामी वसतिगृहात ठेवायचे, हा निर्णयही शेवटी आईनेच घेतला. दुसरीतला मुलगा मागे राहिला आणि त्याची दहा वर्षांची बहीण बरोबर निघाली, कारण फडाच्या बांधावर तान्ह्या भावाला सांभाळणारे कोणी तरी हवे होते. साखरशाळा (तोडणीच्या ठिकाणी मजुरांच्या मुलांसाठी चालणाऱ्या शाळा) आणि वसतिगृहे यांच्यावर पुष्कळ बोलले जाते, परंतु या मुलीच्या शिक्षणाचा प्रश्न तिच्या आईच्या मजुरीच्या तासांशी बांधलेला आहे आणि तो तिथूनच दाखवावा लागेल.

२६ नोव्हेंबर २०२३, वाळवा तालुका, जि. सांगली

ऊसदराच्या आंदोलनामुळे सांगली-कोल्हापूर पट्ट्यातील तोडी जवळजवळ महिनाभर अडकल्या होत्या. शेतकऱ्यांची मागणी रास्त असेल, पण या काळात टोळ्या कोप्यांत, म्हणजे तात्पुरत्या झोपड्यांत, बसून होत्या आणि जवळचे धान्य संपत होते. तोड नाही म्हणजे मजुरी नाही आणि उचलही फिटत नाही. आंदोलनाच्या बातम्यांत शेतकरी आणि कारखाना असे दोनच पक्ष असतात, तोडणारा तिसरा पक्ष त्यात येत नाही. आम्ही या रिकाम्या दिवसांचे भरपूर चित्रीकरण केले आहे. पुरुष पारावर बसलेले आहेत, आणि बायकांना मात्र तोड नसली तरी एकही रिकामा तास नाही : कोपी उभारणे, वाढ्यांनी (उसाच्या हिरव्या शेंड्यांनी) छप्पर शाकारणे, सरपण गोळा करणे आणि पाणी. पाण्याचा नळ वस्तीपासून दूर आहे आणि तो गावकऱ्यांचे भरून झाल्यावर मिळतो.

९ डिसेंबर २०२३

पहाटेचे चित्रीकरण आज मनासारखे झाले. टोळीतली सर्वांत मोठी अक्का तीनच्या सुमारास उठते, अंधार असतानाच बाहेर जाऊन येते, कारण उजाडल्यावर आडोसा राहत नाही. मग ती चूल पेटवते आणि दिवसभराच्या भाकरी थापून फडक्यात बांधते. कोपीत वीज नाही. आमचा कोणताही दिवा लावला असता तर तिच्या कोपीची रचनाच बदलली असती आणि शेजारच्या कोप्यांतली मुले उठली असती, म्हणून चुलीचा उजेड आणि खांबाला अडकवलेली बॅटरी एवढ्यावरच काम केले. ३५ मिमीची १.४ छिद्राची लेन्स पूर्ण उघडी ठेवली आणि संवेदनशीलता कॅमेरा सहन करील तितकी वाढवली. चित्रात दाणे येतात, ते येऊ द्यायचे आहेत. रंगसंतुलन मात्र हाताने ठरवले, कारण चुलीचा तांबूस उजेड स्वयंचलित संतुलनाने पांढरा करून टाकला की पहाट दुपारसारखी दिसते.

एक तांत्रिक बाब पुढच्यांसाठी नोंदवून ठेवतो. स्वस्त एलईडी बॅटऱ्यांचा उजेड डोळ्यांना स्थिर वाटतो, पण प्रत्यक्षात तो वेगाने लुकलुकत असतो आणि चित्रात आडवे पट्टे येतात. सेकंदाला २५ चौकटी (फ्रेम) आणि १/५० शटर हे प्रमाण गावातल्या विजेच्या दिव्यांना चालते, कारण आपल्या विजेची वारंवारता ५० हर्ट्झ आहे. या बॅटऱ्यांना मात्र ते चालेलच असे नाही. प्रत्येक बॅटरीसमोर शटर थोडे थोडे बदलून पाहणे हाच मार्ग आहे.

अक्का भाकरी करीत असताना आम्ही तिला एकही प्रश्न विचारला नाही. हे संपूर्ण दृश्य न तोडता, भाकरीच्या वेगाने चालू द्यावे, असे माझे आजचे मत आहे. संकलनात ते लांब वाटेल, तरीही प्रेक्षकाला तो वेळ अंगावर घेऊ द्यावा.

२१ डिसेंबर २०२३, फड

फडातील काम आता आम्हाला नीट समजू लागले आहे. ऊस बुडख्यापाशी, जमिनीलगत तोडावा लागतो, कारण साखर खालच्या कांड्यांत जास्त असते आणि वर तोडला तर चिटबॉय (तोडणीवर देखरेख करणारा कारखान्याचा माणूस) हरकत घेतो. तोडलेल्या उसाचे पाचट (वाळलेली पाने) काढायचे, शेंड्याची वाढी छाटायची आणि त्याच वाढ्यांनी मोळी बांधायची. बरेचदा तोड पुरुषाकडे आणि पाचट, बांधणी, वाहणे बाईकडे असे दिसते, परंतु टोळीतल्या अनेक बायका दिवसभर कोयताही चालवतात. गाडी आली की मोळी डोक्यावर घेऊन अरुंद फळीवरून ट्रॉलीवर चढायचे. गाडी कधी येईल हे कारखान्यावर ठरते, त्यामुळे भरणी रात्री अकरालाही होते. अकराला परतलेली बाई पुन्हा तीनला उठते.

ध्वनीची अडचण आम्ही अशी सोडवली. उसाची पाने चाकूसारखी कापतात, म्हणून बायका साडीवर पुरुषाचा लांब बाह्यांचा सदरा घालतात आणि डोक्याला फडके बांधतात. छोटा मायक्रोफोन पदराखाली लावला तर कापडाची घासण ऐकू येते; सदऱ्याच्या कॉलरच्या आतल्या बाजूला चिकटवला तर श्वास, कोयत्याचा घाव आणि बोलणे तिन्ही स्वच्छ मिळते. पाचटाची सळसळ इतकी सतत असते की ती शब्द झाकते. ती वेगळ्या ध्वनिमुद्रकावर लांबून घेत आहोत, म्हणजे मिश्रणात तिचे प्रमाण आपल्या हाती राहील.

कामाचा एक नियम इथे पक्का केला : कोणालाही थांबवायचे नाही. एक दिवस काम बुडाले की खाडा लागतो आणि पाचशे ते हजार रुपये मजुरीतून जातात, असे बायकांनी सांगितले. आमच्या एका प्रश्नासाठी कोणी दहा मिनिटे थांबले तर मोळ्या कमी पडतात आणि तिच्या जोडीदाराला ते जाणवते. म्हणून फडात मुलाखत नाही. मुलाखत न घेण्याचे दुसरे कारण अधिक महत्त्वाचे आहे. मुकादम जवळपास असतो, उचल अंगावर असते, आणि अशा ठिकाणी मिळालेले उत्तर हे मोकळे उत्तर नसते. फडात काम दाखवायचे आणि बोलणे गावात ऐकायचे, अशी चित्रपटाची रचना या अनुभवातून तयार होत आहे, आणि मला ती कोणत्याही निवेदनापेक्षा प्रामाणिक वाटते.

८ जानेवारी २०२४

गेल्या आठवड्यात पुण्यात झालेल्या बैठकीत तोडणीच्या दरात ३४ टक्के वाढ मान्य झाली. टनाला २७३ रुपयांचा दर सुमारे ३६६ रुपयांवर गेला. संध्याकाळी कोपीपुढे बसून बायकांनी बोटांवर हिशेब केला आणि आम्ही तो नंतर कागदावर मांडला. एक लाखाची उचल जुन्या दराने फेडायला सुमारे ३६६ टन ऊस तोडावा लागला असता, नव्या दराने तो २७३ टन होतो. एका कोयत्याने दिवसाला दोन टन तोडले, तरी २७३ टनांना साडेचार महिने लागतात, म्हणजे जवळजवळ पूर्ण हंगाम. आणि यंदाचे सुरुवातीचे आठवडे तर रिकामेच गेले आहेत. दिवसाचे ७३२ रुपये दोन माणसांचे आहेत, हे या हिशेबात वेगळे सांगावे लागते. वाढ खरी आहे आणि ती संघटनांच्या पाठपुराव्याने मिळाली आहे, हे चित्रपटात आले पाहिजे. त्याच दृश्यात हा हिशेबही आला पाहिजे, आणि तो आमच्या आवाजात नको, बोटांवर मोजणाऱ्या त्या बायकांच्याच आवाजात हवा.

वाढे विकून मिळणारे पैसे हा या घरांतला एकमेव व्यवहार आहे, जो बऱ्याच ठिकाणी बाईच्या हातात राहतो. गाई-म्हशीवाले शेतकरी संध्याकाळी येतात, पेंढीचा भाव होतो आणि त्या पैशांतून तेल-मीठ येते. या व्यवहाराचे चित्रीकरण उद्यापासून.

२ फेब्रुवारी २०२४

आजचा विषय सर्वांत अवघड होता. गर्भाशय काढून टाकण्याच्या शस्त्रक्रियांचा प्रश्न २०१९ मध्ये बीडमधून राज्यापुढे आला. विधान परिषदेच्या उपसभापती नीलम गोऱ्हे यांच्या अध्यक्षतेखाली समिती नेमली गेली, आणि जिल्ह्यात तपासलेल्या ८२,३०९ ऊसतोड स्त्रियांपैकी १३,८६१ जणींची ही शस्त्रक्रिया झालेली आढळली, म्हणजे शंभरातील जवळजवळ सतरा जणींची. त्यानंतर जिल्ह्यातील खासगी रुग्णालयांना या शस्त्रक्रियेआधी जिल्हा शल्यचिकित्सकांची परवानगी घेणे बंधनकारक झाले.

राष्ट्रीय कुटुंब आरोग्य सर्वेक्षणात देशपातळीवर हे प्रमाण सुमारे तीन टक्के आहे. दोन्ही आकडे पडद्यावर शेजारी ठेवावेत, असा आग्रह गटात झाला. मी त्याला नकार दिला. दोन सर्वेक्षणांतील वयोगट आणि निवड सारखी नाही; जिथे एक आकडाच पुरेसा भयंकर आहे, तिथे ढिली तुलना करून विरोध करणाऱ्याला फट देऊ नये. त्याहून मोठा प्रश्न दाखवण्याच्या पद्धतीचा आहे. या टोळीतही अशा स्त्रिया आहेत. पाळीच्या दिवसांत धुवायला पाणी नाही, आडोसा नाही, अंगावरून जाण्याचा त्रास वर्षानुवर्षे तसाच राहतो, आणि आजारपणाचा खाडा परवडत नाही. ‘पिशवी काढली की कटकट मिटंल’ हा सल्ला या सगळ्यानंतर ऐकायला मिळतो आणि तेव्हा तो सुटकेसारखा वाटतो. कारणांची ही साखळी पहाट, पाणी आणि फड यांच्या दृश्यांत आधीच उभी झालेली असेल, म्हणून शस्त्रक्रियेचे बोलणे चित्रपटात उशिरा येईल, चेहऱ्याशिवाय येईल आणि गावी परतल्यावरच ध्वनिमुद्रित केले जाईल. कोणत्याही डॉक्टरचे किंवा रुग्णालयाचे नाव घेतले जाणार नाही. एखाद्या डॉक्टरचे नाव घेतले की प्रश्न त्या एका माणसापुरता लहान होतो.

१७ मार्च २०२४

पट्टा पडला, म्हणजे हंगाम संपला. हिशेबाच्या रात्री मुकादमाने आम्हाला कॅमेरा आणू दिला नाही आणि आम्ही वाद घातला नाही, कारण वादाची किंमत टोळीला मोजावी लागली असती. कोपीत बायका जागत होत्या, त्यांचे चित्रीकरण झाले. चार कोयत्यांच्या अंगावर बाकी राहिली आहे.

२४ एप्रिल २०२४, धारूर तालुका

गावातील मुलाखती चालू आहेत. फडात चार शब्द न बोललेल्या स्त्रिया इथे स्वतःच्या ओट्यावर तासन् तास बोलतात. ऊन कडक असल्यामुळे सकाळी आठपर्यंत आणि संध्याकाळी सहानंतरच काम होते. आजच्या दोन मुलाखतींत एकच मागणी वेगवेगळ्या शब्दांत आली : उचलीचा अर्धा भाग बाईच्या खात्यात जमा व्हावा आणि ग्रामसेवकाकडून मिळणाऱ्या ऊसतोड कामगार ओळखपत्रावर तिचे नाव स्वतंत्र असावे. त्यांपैकी एकीचे ओळखपत्र आहे, पण ते पुरुषाच्या पाकिटात असते.

ऊसतोड कामगारांच्या कल्याणकारी महामंडळासाठी कारखान्यांकडून गाळपाच्या टनामागे १० रुपये घेण्याची आणि तेवढीच रक्कम सरकारने घालण्याची तरतूद आहे. हा पैसा आपल्या तोडीतून जमा होतो, हे आम्ही भेटलेल्या बहुतेक स्त्रियांना ठाऊक नव्हते. माहिती देणे हे आमचे काम नाही असे मानणारा एक प्रवाह माहितीपटकारांत आहे. मला तो पटत नाही. सहा महिने ज्यांच्या चुलीपाशी बसलो, त्यांच्यापासून त्यांच्याच हक्काची माहिती राखून ठेवणे हे तटस्थपण नव्हे. कॅमेरा बंद करून आम्ही ती दिली.

२३ मे २०२४

१३ तारखेला बीडचे मतदान झाले आणि त्यानंतर लगेच कच्चे संकलन गावात दाखवले. जागा समाजमंदिराची. पुरुषांना दुसऱ्या दिवशी बोलावले. ८२ मिनिटांचे संकलन बायकांनी मधून मधून थांबवून पाहिले, आणि ज्या ठिकाणी थांबवले तिथल्या वेळा आम्ही टिपल्या. भाकरीचे लांब दृश्य कोणालाच लांब वाटले नाही. नळावरच्या भांडणाचे दृश्य काढा, असे तिघींनी सांगितले, कारण पुढच्या हंगामात पुन्हा त्याच गावात जायचे आहे. ते दृश्य गेले. शस्त्रक्रियेबद्दल बोललेल्या स्त्रियांपैकी एकीने आपला आवाजही नको म्हटले, म्हणून तिचे संपूर्ण बोलणे गेले, आणि त्यामुळे त्या भागाची जुळणी नव्याने करावी लागेल. अक्कांनी एक वेगळी सूचना केली : ट्रॉलीवर चढतानाचे दृश्य एकदाच आहे, ते रात्रीत जितक्या वेळा होते तितक्या वेळा दाखवा. तितक्या वेळा शक्य नाही, परंतु एका भरणीच्या सलग अकरा खेपा न कापता ठेवण्याइतके चित्रीकरण आपल्याजवळ आहे आणि ते ठेवायचे ठरले.

१९ जून २०२४, पुणे

चित्रपट ७४ मिनिटांवर स्थिरावला. त्यातील फडाचा भाग एक तृतीयांशापेक्षा कमी आहे. उरलेला वेळ पहाट, पाणी, चूल, वाढ्यांची विक्री, रात्रीची भरणी आणि गावातले बोलणे यांचा आहे. निवेदन नाही. बोली जशीच्या तशी राहील. तिचे प्रमाण मराठीत उपशीर्षक देण्याची सूचना आली होती, ती आम्ही स्वीकारलेली नाही, कारण मराठी प्रेक्षकाने बीडची मराठी कान देऊन ऐकावी. कर्नाटकातील प्रदर्शनांसाठी कन्नड उपशीर्षके मात्र लागतील.

ध्वनिमिश्रण पुढच्या आठवड्यात सुरू होईल. प्रमाणपत्रासाठी अर्ज त्यानंतर जाईल. महोत्सवांच्या तारखा कोणत्याही असोत, गावांतील प्रदर्शने ऑगस्टच्या आत पूर्ण करायची आहेत, कारण पुढच्या हंगामाच्या उचलीची बोलणी पावसाळ्यातच सुरू होतात आणि स्वतंत्र खात्याची मागणी त्या बोलणीच्या आधी मांडली गेली तरच तिचा उपयोग आहे. पहिले प्रदर्शन याच टोळीच्या गावात होईल, मुकादमांनाही बोलावले जाईल, आणि चर्चेच्या वेळी कोण कोण बोलणार हे बायकांनी आपसांत ठरवले आहे.